नवजात बाळापर्यंत पहिल्या आठवड्यात कोण पोहोचते? विदर्भातील फरक कसा अभ्यासावा

समाजकार्य_नागपूर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नवजात बाळांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेत प्रदेशागणिक किती आणि कशामुळे फरक पडतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. या विषयाची रूढ मांडणी अशी की नागपुरात मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानचे एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालये आहेत, खासगी रुग्णालयांचीही वानवा नाही. याउलट गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली आणि मेळघाटातील धारणी, चिखलदरा या तालुक्यांत रुग्णालये थोडी आणि अंतरे मोठी आहेत, म्हणून शहरातील बाळाला सेवा मिळते आणि दुर्गम भागातील बाळाला ती मिळत नाही. माझ्या मार्गदर्शकांनाही साधारण याच दिशेचा आराखडा अपेक्षित आहे.

परंतु दोन गोष्टी या मांडणीत नीट बसत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात होतात. घरी होणारी बाळंतपणे इतकी कमी उरली असतील, तर बाळाची पहिली तपासणी जन्मस्थळीच व्हायला हवी आणि प्रदेशांमधील फरक बराचसा मिटायला हवा. दुसरी गोष्ट अशी की नवजात बाळाची काळजी घराघरांत जाऊन कशी घेता येते, हे देशाला दाखवून देणारा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातच झाला, म्हणजे जिथे रुग्णालये फार कमी होती तिथे. मग ‘अंतर’ हेच मुख्य कारण धरणे कितपत योग्य आहे?

पहिल्या दोन दिवसांतील तपासणीची टक्केवारी हाच निर्देशक घेऊन जिल्ह्यांची तुलना करावी, की अन्य काही पाहावे? आणि क्षेत्रकार्य नागपूर जिल्ह्यातच करायचे असेल, तर प्रादेशिक फरकाचा अभ्यास एका जिल्ह्यात होऊ शकतो का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी आपला अनुभवही सांगितला तर फार मदत होईल.

आकडेमोड (प्रतिसाद)

निर्देशक नेमका काय मोजतो, तिथून सुरुवात करावी. सर्वेक्षणात मातेला तिच्या शेवटच्या बाळंतपणाविषयी विचारले जाते की जन्मानंतर दोन दिवसांच्या आत डॉक्टर, परिचारिका, आरोग्य सेविका किंवा अन्य आरोग्य कर्मचाऱ्याने बाळाला तपासले होते काय. ही तपासणी वॉर्डात झाली, की घरी सुट्टी झाल्यानंतर झाली, याने त्या एका टक्केवारीत काही फरक पडत नाही. बाळाचे वजन झाले, तापमान पाहिले, अंगावर पाजताना बाळ नीट ओढते की नाही हे कोणी पाहिले, यांपैकी काहीही त्या आकड्यातून कळत नाही. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी पाळण्याकडे नजर टाकली आणि मातेच्या ते लक्षात राहिले, तरी उत्तर ‘हो’ असेच येते.

इतके असूनही या आकड्यातून एक गोष्ट दिसते आणि ती आपल्या पहिल्या शंकेशी थेट जोडलेली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील या फेरीत देशभरात संस्थेत, म्हणजे रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात, झालेली बाळंतपणे ८८.६ टक्के होती, तर दोन दिवसांत तपासणी झालेली बाळे ७९.१ टक्के. घरी जन्मलेल्या एकाही बाळाची तपासणी झाली नाही असे टोकाचे गृहीत धरले, तरी शंभरातील नऊ-दहा बाळे अशी उरतात की जी रुग्णालयात जन्मली आणि तिथे त्यांना कोणी पाहिल्याचे आईला आठवत नाही. दोन्ही टक्केवारींचा पाया अगदी एकच नाही आणि आठवणीवर आधारलेल्या उत्तरांत चूक असतेच, हे मान्य करूनही ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. रुग्णालयात जन्म आणि बाळाची काळजी या दोन गोष्टींना आपण सवयीने एकच समजतो.

आता राज्यांकडे पाहू. त्याच फेरीत केरळमध्ये संस्थेतील बाळंतपणे ९९.८ टक्के होती आणि हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू (जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू) ३.४ होते. महाराष्ट्रात हेच आकडे ९४.७ टक्के आणि १६.५ असे आहेत. बाळंतपणाच्या जागेत पाच टक्क्यांचे अंतर आणि मृत्युदरात जवळपास पाचपट. उत्तर प्रदेशात ८३.४ टक्के बाळंतपणे संस्थेत होऊनही नवजात मृत्युदर ३५.७ आहे. नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे केंद्र सरकार निवडक भागांतील जन्म-मृत्यू सतत नोंदवून जे दर काढते त्यांचे, २०२० चे आकडे महाराष्ट्रासाठी अधिक सौम्य आहेत, म्हणजे महाराष्ट्र ११, केरळ ४ आणि देश २०. कारण सर्वेक्षणातील मृत्युदर मागील पाच वर्षांचा असतो आणि दोन्हींची पद्धतही वेगळी आहे. कोणताही स्रोत घेतला तरी बाळंतपणाच्या जागेवरून मृत्युदराचा अंदाज बांधता येत नाही. मधला दुवा जन्मानंतरच्या दिवसांत आहे. केवळ तिथेच आहे असे मी म्हणणार नाही, कारण आईचे पोषण, बाळाचे जन्मवजन आणि दिवस भरण्याआधी होणारे बाळंतपण यांचाही वाटा मोठा आहे.

जिल्ह्यांच्या तुलनेबाबत मी सावध राहण्याचा सल्ला देईन. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे होती, म्हणजे सरासरी एका जिल्ह्याला नऊशे. त्यांतून मागील पाच वर्षांत बाळंतपण झालेल्या माता निवडल्या की संख्या इतकी लहान होते की नागपूर आणि भंडारा यांच्यातील दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर प्रबंधाचे प्रकरण उभे करणे धाडसाचे ठरेल. जिल्हा पत्रकात नवजात मृत्युदर तर दिलेलाच नसतो. शिवाय महाराष्ट्रातील सर्वेक्षणाचे काम पहिल्या टप्प्यात, कोविडच्या आधी झालेले आहे, हेही लक्षात ठेवावे.

रुग्णालयांकडून येणाऱ्या मासिक अहवालांवर विसंबायचे, तर नागपूरची अडचण आणखी वेगळी आहे. जन्म आणि मृत्यू यांची नोंदणी जिथे घटना घडते तिथे होते. नागपुरात गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर इथूनच नव्हे, तर मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येथूनही गुंतागुंतीची बाळंतपणे आणि आजारी बाळे येतात. अशा बाळाचा जन्म नागपूरच्या खात्यावर चढतो, दुर्दैवाने ते दगावले तर मृत्यूही नागपूरच्याच खात्यावर चढतो, आणि ज्या तालुक्यात त्याला वेळेवर सेवा मिळाली नाही तो तालुका कागदावर निर्मळ राहतो.

निवृत्त_सिस्टर (प्रतिसाद)

आकडेमोड यांनी जे आकड्यांतून मांडले ते मी वॉर्डाच्या बाजूने सांगते. मी बरीच वर्षे पूर्व विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत आणि नंतर नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतीनंतरच्या वॉर्डात काम केले आहे.

नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात आणि त्यांतही पहिला दिवस सर्वांत घातक असतो. श्वास न घेणे, वजन कमी असणे किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मणे, आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणे आहेत. यांपैकी श्वासाचा प्रश्न प्रसूतीच्या टेबलावरच सुटतो किंवा सुटत नाही. बाकीचे दोन्ही प्रश्न मात्र हळूहळू वाढतात. नॉर्मल बाळंतपणानंतर ४८ तास ठेवून घेण्याचा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनाही किमान २४ तास ठेवा आणि नंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सात ते चौदा दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा पाहा असे सांगते. प्रत्यक्षात एका खाटेवर दोघी असतील, घरी मोठे मूल कोणाकडे तरी सोपवलेले असेल, नवऱ्याची मजुरी बुडत असेल, तर घरचेच ‘सिस्टर, सुट्टी द्या’ म्हणून मागे लागतात आणि वॉर्डालाही खाट हवीच असते.

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. आईला दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात आणि पहिलटकरीण असेल तर बाळाला नीट छातीशी धरता येत नाही, त्यामुळे वजनातील नेहमीची घटही याच दिवसांत मर्यादेबाहेर जाते. नाळेचा संसर्गही साधारण याच सुमारास लक्षात येतो. म्हणजे ज्या दिवसांत बाळाला पाहणारा जाणकार माणूस हवा, नेमक्या त्याच दिवसांत बाळ दोन व्यवस्थांच्या मध्ये असते. रुग्णालयाचे काम संपलेले असते आणि गावाचे सुरू झालेले नसते. सिझेरियन झालेल्या आईचे बाळ पाच-सहा दिवस आमच्या डोळ्यांसमोर असल्याने त्याची कावीळ आम्हाला दिसायची. नॉर्मल बाळंतपणाचे बाळ तीच कावीळ घेऊन सातव्या दिवशी परत यायचे, तळहात-तळपाय पिवळे आणि ओढणे बंद.

ही मधली जागा भरण्यासाठीच आशांच्या, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य स्वयंसेविकांच्या, घरभेटी आहेत. २०११ पासून देशभर लागू झालेल्या एचबीएनसी (घरी जाऊन नवजात बाळाची काळजी) कार्यक्रमात संस्थेत जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, तर घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीही भेट असते. आशा वजन करते, तापमान पाहते, श्वास मोजते आणि धोक्याची लक्षणे दिसली तर पाठवते. आपण उल्लेखिलेला गडचिरोलीचा प्रयोग याचे मूळ आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांना प्रशिक्षण देऊन हे काम केले, त्याची तुलना ४७ गावांशी केली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या आरोग्यदूत संसर्ग झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविके देत होत्या, इंजेक्शनसुद्धा. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाचे काम ओळखणे, सल्ला देणे आणि पाठवणे याभोवतीच फिरते. म्हणून जिथून पुढे पाठवायला जागाच जवळ नाही, तिथे तीच घरभेट तितके काम करत नाही. प्रबंधात हा फरक सुटू देऊ नका.

आता ज्या कारणाकडे कोणीच पाहत नाही ते सांगते, ते म्हणजे माहेर. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलीची नोंद सासरच्या आशाकडे, माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या उपकेंद्राचे, बाळंतपण तालुक्याच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात आणि सुट्टीनंतर मुक्काम माहेरी, तोही सव्वा महिना किंवा तीन महिने. सासरची आशा तिसऱ्या दिवशी घरी गेली तर कुलूप किंवा फक्त सासूबाई. माहेरच्या आशाला गावात बाळंतीण आल्याचे कळते ते पाचवीच्या पूजेला किंवा बारशाला. आशाला मिळणारे अडीचशे रुपये भेटींची मालिका पूर्ण झाल्यावरचे आहेत. अर्धवट मालिकेसाठी दुसऱ्या गावच्या बाळाच्या मागे कोण धावणार? मी कोणाला दोष देत नाही, आशांच्या अंगावर कामे किती आहेत ते मला माहीत आहे. पण यामुळे असे होते की रस्त्यालगतच्या, सधन, शिकलेल्या गावातही पहिल्या आठवड्याची भेट चुकते, आणि ती चुकते पहिलटकरणीची, जिला मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

ऋतूचाही विचार करा. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र दहा अंशांखाली जाते आणि कमी वजनाचे बाळ थंड पडते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्याच बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळून ठेवतात, दारे बंद करतात आणि बाळाला ताप येतो. कूलरची हवा लागेल म्हणून कूलर बंद. असा ताप संसर्गाचा की उकाड्याचा हे ठरवण्यासाठीही कोणीतरी थर्मामीटर घेऊन घरी यावे लागते.

अहेरीकडचा (प्रतिसाद)

सिस्टरांचे माहेराविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आमच्याकडेही तसेच होते. तरीही या चर्चेचा कल अंतर हे कारणच नाही असे म्हणण्याकडे जाऊ नये म्हणून लिहितो.

नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि गडचिरोलीहून भामरागड जवळपास पुन्हा तेवढेच. नागपुरात बसलेल्या माणसाला गडचिरोली म्हणजे एक जिल्हा वाटतो. प्रत्यक्षात वडसा-आरमोरीचा पट्टा आणि भामरागड-एटापल्लीचा पट्टा यांच्यात जितके अंतर आहे, तितके नागपूर आणि आरमोरी यांच्यात नाही. रस्त्याने नाही आणि सेवांनीही नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि गावांमधल्या नाल्यांची तर बातमीही होत नाही. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका असून नसल्यासारखी असते, कारण गाडी पलीकडच्या काठावर उभी असते.

शासनाने माहेरघराची योजना यासाठीच आणली. दुर्गम भागातील गरोदर बाई दिवस भरण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते, तिची आणि सोबतच्या माणसाची सोय होते आणि बाळंतपण सुरक्षित जागी होते. योजना चांगली आहे, पण तिचा सगळा भर बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांवर आहे. बाळ जन्मले की ओढ घराची. ज्या नाल्यामुळे तिला आठ दिवस आधी आणले, तोच नाला ओलांडून दोन दिवसांचे बाळ परत जाते. थांबायचे तर पहिल्या आठवड्यापर्यंत थांबण्याची सोय हवी, विशेषतः दोन किलोच्या आतबाहेरच्या बाळांसाठी, असे माझे मत आहे.

आणखी एक. आदिवासी भागात पाड्यागणिक आशा, तीन हजार लोकसंख्येला उपकेंद्र आणि वीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. बिगर-आदिवासी भागात तोच पाच हजार आणि तीस हजार असा आहे. निकष उदार आहे, हे मान्यच. पण तीन हजार लोक पंधरा-वीस पाड्यांत विखुरलेले असतील आणि आरोग्य सेविकेचे पद रिक्त असेल, तर निकषाने काय साधते? मेळघाटात १९९५ पासून आदिवासी भागातील बालमृत्यू रोखण्यासाठीची नवसंजीवनी योजना आहे, तरीही दर पावसाळ्यात तेथील बालमृत्यूंची चर्चा नव्याने सुरू होते. याउलट हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात लोक चालत, खाटेवर माणूस घालून येतात, कारण तिथे डॉक्टर असणार आणि आपली भाषा कळणार हा त्यांचा १९७३ पासूनचा अनुभव आहे. अंतर तेच असते, पण ते तोडण्याची तयारी समोर काय मिळणार यावर ठरते. प्रश्नकर्त्यांनी अंतर मोजताना किलोमीटरसोबत हेही मोजावे.

समाजकार्य_नागपूर

सर्वांचे आभार. सिस्टरांनी सांगितलेली मधली जागा आणि अहेरीच्या दादांनी सांगितलेले अंतर, दोन्ही मला आराखड्यात घ्यावे लागेल. नागपूर जिल्ह्यातच रामटेक तालुक्यातील देवलापारचा आणि पारशिवनीतील कोलितमाऱ्याकडचा जंगलपट्टा आहे, त्यामुळे दुर्गमता आणि शहर या दोन्ही बाजू एका जिल्ह्यात मिळतील असे वाटते. शहरातील वस्त्यांविषयी मात्र अद्याप कोणी लिहिलेले नाही. तिथे सेवा जवळ असल्याने त्या तुलनेसाठी ‘चांगला गट’ म्हणून धरता येतील का?

वस्तीतली_ताई (प्रतिसाद)

धरू नये. नागपुरातील वस्त्यांमध्ये माता-बाल आरोग्याचे काम करताना जे दिसते त्यावरून सांगते की शहर हा एकच गट नाही.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आले, म्हणजे ग्रामीण अभियानानंतर आठ वर्षांनी. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र पन्नास हजार लोकसंख्येमागे, आरोग्य सेविका दहा हजारांमागे, आणि आशा केवळ झोपडपट्टी व तत्सम वस्त्यांसाठी, दोनशे ते पाचशे घरांमागे एक, असा निकष आहे. गावात आरोग्य सेविका पाच हजारांमागे असते आणि तिला गाव ओळखत असते. शहरात उपकेंद्रच नसते. त्यामुळे मोठे रुग्णालय दोन किलोमीटरवर आहे, पण बाळाचे वजन करायला दारात येणारे कोणी नाही, असे सहज होते. मेडिकलच्या भिंतीला लागून राहणारी बाळंतीणही पहिल्या आठवड्यात कोणालाच भेटलेली नसते. जवळच्या दवाखान्यामुळे बाळंतपण चांगल्या जागी होते, परंतु त्यानंतरची घरभेट रुग्णालयाच्या अंतरावर अवलंबून नसते.

सर्वांत निसटणारा गट भाड्याने राहणाऱ्यांचा आहे. कळमना बाजारात हमाली करणारे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आलेले, बांधकामावरचे आणि शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवरचे मजूर यांपैकी पुष्कळजण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून आलेले असतात. गरोदरपणाची नोंद गावाकडे असते, बाळंतपण इथे होते, आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी खोली बदलते. ज्या वस्तीची अधिकृत यादीत नोंद नाही तिथे आशाच नेमलेली नसते. बाळंतपणानंतर रुग्णालयात पत्ता विचारतात तेव्हा बऱ्याच बायका गावचा पत्ता सांगतात, कारण आधार कार्डावर तोच असतो. मग सुट्टीची खबर जाते ती शेकडो किलोमीटर दूरच्या गावाला, आणि बाळ इथे पारडीत असते.

दुसरा गट खासगी रुग्णालयातून सुट्टी झालेल्यांचा आहे आणि तो सर्व उत्पन्नगटांत आढळतो. तिथली बाळंतपणे एकूण आकड्यांत नोंदवली जातात, परंतु त्या भागातील आशा किंवा आरोग्य सेविकेला सुट्टीची माहिती देण्याची नियमित पद्धत माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना परवडते ते आठवड्याने बालरोगतज्ज्ञांना दाखवून येतात. कर्ज काढून खासगी रुग्णालयात गेलेले कुटुंब मात्र पुन्हा तपासणीचे पैसे आणि रिक्षाभाडे नको म्हणून जात नाही, आणि ‘खासगीत झाले आहे’ म्हणून आशाही त्या दारात थांबत नाही. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधे आणि ने-आण सरकारी रुग्णालयात मोफत आहे, हे अशा घरांना बहुधा माहीतच नसते.

एक चांगली बाजूही लिहायला हवी. विशेष नवजात काळजी कक्षातून, लोकांच्या भाषेत पेटीतून, सुटलेल्या बाळांचा पाठपुरावा इतर बाळांपेक्षा बराच बरा होतो, कारण त्यांची वेगळी यादी असते आणि घरच्यांनाही धास्ती असते. यादी असली की माणूस जातो, असा माझा साधा अनुभव आहे.

आकडेमोड

ताईंच्या प्रतिसादामुळे अभ्यासाची रचना बरीच स्पष्ट होते. प्रदेश म्हणजे जिल्हा असे न धरता, सुट्टीनंतर बाळ कुठल्या प्रकारच्या जागी गेले हे वर्गीकरण घ्यावे. जंगलपट्टा, रस्त्यालगतचे गाव, नोंद असलेली वस्ती, नोंद नसलेली वस्ती आणि इतर शहर, एवढे प्रकार नागपूर जिल्ह्यात सहज मिळतील. प्रत्येक ठिकाणी आई सासरी होती की माहेरी आणि बाळंतपण सरकारी होते की खासगी, हे स्वतंत्र स्तंभ ठेवावेत. दोन दिवसांतील तपासणीचा आकडा सर्वेक्षणाशी ताडून पाहण्यापुरता घ्या. तुमचा मुख्य निर्देशक तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान घरी किंवा दवाखान्यात झालेली भेट हा असू द्या. संख्या लहान राहील, त्यामुळे टक्केवारीच्या खेळात न पडता कोणत्या टप्प्यावर खबर पुढे गेली नाही याचा माग काढलात तर ते अधिक उपयोगी ठरेल.

निवृत्त_सिस्टर

प्रश्नावली करताना ‘तपासणी झाली का’ असे विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. घरी आल्यावर बाळाचे वजन पहिल्यांदा कोणी केले, त्या दिवशी बाळ किती दिवसांचे होते आणि तुम्ही कोणाच्या घरी होता, असे विचारा. बायका पाचवी आणि बारसे यांच्या आधी की नंतर, असे अचूक सांगतात. कार्डावरची वजनाची नोंदही पाहा. सुट्टीच्या कार्डावर पत्ता कोणता लिहिला आहे ते उतरवून घेऊ नका, पण राहत्या जागेशी जुळतो की नाही एवढे नोंदवा.

आणि मुलाखती ओल्या बाळंतिणींच्या घेणार असाल तर जाण्यापूर्वी एखाद्या आशाकडून किंवा परिचारिकेकडून धोक्याची लक्षणे शिकून घ्या. बाळ ओढत नसेल, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, छाती आत जात असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, झटके येत असतील, हालचाल मंदावली असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे असतील, तर वही बंद करून १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायला सांगावे. अंग तापलेले असेल तर मात्र जादा कपडे काढायला सांगावे. तुमच्या महाविद्यालयाच्या परवानगीच्या अर्जात ही तरतूद आधीच लिहून ठेवा.